उजव्या हाताचं टेबल

तांबेकाका पहिल्यांदा माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांनी व्यायाम करायला नकार दिला. दुखतं म्हणून नाही, कंटाळा आला म्हणूनही नाही. मी पुढे ठेवलेली फळी त्यांना पसंत पडली नव्हती.

परळच्या एका रुग्णालयात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हातातली ताकद गेलेल्या माणसांना रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठी आमचा विभाग. शर्टाचं बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, कुलपात किल्ली फिरवणं, असं सगळं आम्ही नव्यानं शिकवतो. पेशंट आम्हाला सरसकट ‘व्यायामवाल्या मॅडम’ म्हणतात. काकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय बराचसा सुधारला होता, हात सुधारला नव्हता. मी त्यांच्यापुढे भोकं पाडलेली लाकडी फळी ठेवली आणि डाव्या हातानं एकेक खुंटी उचलून भोकात बसवायला सांगितलं. त्यांनी उजव्या हातानं फळीच उचलली, डोळ्यांच्या रेषेत धरली आणि एक डोळा मिटून तिच्याकडे बघत राहिले.

“मॅडम, ही भोकं कुणी पाडली?”

“कंपनीतून तयार येते फळी.”

“तिसरी ओळ वाकडी गेलीय. आणि ह्या खुंट्यांच्या लाकडाची रेघ आडवी आहे. जोर लावला की मोडणार. मोडली की पेशंटला वाटणार, आपलाच हात चुकला.”

मी एक खुंटी घेऊन भोकात जरा दाबली. ती मोडली. काका हसले नाहीत. मी दुसरं काहीतरी देईन म्हणून ते शांतपणे वाट बघत बसले.

अनंत तांबे हे त्यांचं नाव. लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. वडील गिरणीत होते; गिरणी बंद पडल्यावर घरातल्या मोठ्या मुलानं काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून अनंतानं सुतारकाम धरलं आणि पुढे त्यातून फ्रेम. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, नातवाचा पहिला वाढदिवस, गेलेले आईवडील. बाजारात प्लास्टिकची पट्टी आली, तयार फ्रेमा आल्या, तरी काका पट्टी स्वतःच्या मशीनवर सागाच्या लाकडातूनच काढायचे. गिऱ्हाइकाला ते फार प्रश्न विचारत नसत. “फोटोतला माणूस आहे की गेला, हे आपण विचारायचं नाही,” ते मला एकदा म्हणाले. “फ्रेम दोघांना सारखीच लागते.”

दर वेळी ते एकच गोष्ट विचारायचे. “मशीनवर कधी उभा राहू?”

मी त्यांना मोबाइलवर मशीनचा फोटो दाखवायला सांगितलं. शिलाई मशीनच्या जुन्या लोखंडी पायांवर प्लायचं टेबल, टेबलाच्या मधोमध भोक, आणि त्या भोकातून वर डोकावणारं धारदार पातं. टेबलाखाली उलटी टांगलेली मोटर ते पातं फिरवते. पट्टी टेबलावरून सरकवत नेली की पातं तिच्या कडेला गोलाई, खाच, जे हवं ते कोरतं. ह्या यंत्राला राउटर म्हणतात. मी फोटो बघितला आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. त्यांच्या डाव्या तळहातावर एक किल्ली ठेवली, टोकदार बाजू कातडीला लागेल अशी.

“काय आहे हातात?”

त्यांनी बराच वेळ विचार केला. “काही नाही.”

डोळे उघडल्यावर ते किल्लीकडे बघत राहिले. मी म्हटलं, “काका, ज्या हाताला किल्ली टोचलेली कळत नाही, तो हात पात्याजवळ नेता येणार नाही. दुसरं काम बघू या. दुकानात बसून ऑर्डरी घ्या.” फाइलमध्येही मी तसंच लिहिलं, ‘पर्यायी काम सुचवले’. मला तेव्हा ते अगदी बरोबर वाटलं होतं.

पुढच्या दोन वेळा काका आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांची पत्नी सुमनकाकी एकट्या आल्या. ठेंगण्या, चटपटीत, बोलताना समोरच्याच्या हाताला हात लावायची सवय. म्हणाल्या, “मॅडम, परवा मोटर पायावर पाडून घेतली. वायर काढलेली होती म्हणून बरं. अंगठा काळानिळा झालाय. माझं ऐकत नाहीत ते. तुम्ही एकदा येऊन सांगा, मशीन विकून टाका म्हणावं. तुमचं ऐकतील.”

म्हणजे मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले ती मशीन विकायला सांगण्यासाठी.

दुकान दहा बाय बाराचं असेल. आत शिरताच सागाच्या भुश्शाचा आणि सरसाचा वास. भिंतीवर पट्ट्यांचे नमुने काटकोनात जोडून टांगलेले. काका स्टुलावर बसले होते, पायाच्या अंगठ्याला बँडेज. मी का आलेय ते त्यांना माहीत होतं. “जय भीम मॅडम, बसा,” म्हणाले, “आधी माप, मग मत. आधी बघून घ्या काय पाडलं ते.”

मग त्यांनी मला टेबलाखाली वाकायला लावलं. पातं टेबलाच्या किती वर यायचं, हे खालून ठरवावं लागे. मोटर एका कड्यात आवळलेली असते. डाव्या हातानं ते कडं सैल करायचं, उजव्या हातानं मोटरचं वजन तोलून वरखाली सरकवायचं, मान वाकडी करून वरचं माप बघायचं, आणि हवं तिथे आलं की पुन्हा डाव्या हातानं आवळायचं. डाव्या हातात जोर नसल्यानं कडं सैल करायला उजवा हात गुंतला, आणि तेवढ्यात मोटर सुटली.

“लाकूड सरकवायला मला डावा हात लागत नाही,” ते म्हणाले. “हे खालचं करायला लागतो. माझा धंदा अडलाय तो टेबलाखाली. वर नाही.”

दहा वर्षं मी हे काम करत होते, आणि माणसाचा हात तपासला होता, पण हात कुठे अडतो ती जागा जाऊन बघितली नव्हती. मला वाटलं होतं धोका वर आहे. तो वर होताच, पण त्यांना थांबवलं होतं खालच्या कड्यानं.

त्यांनी मोबाइल पुढे केला. मुलगी प्रज्ञा नवी मुंबईला असते. तिनं व्हिडिओ शोधून पाठवले होते. राउटर लिफ्ट नावाची वस्तू असते. एक जाड धातूची प्लेट टेबलाच्या तोंडात बसते, तिच्याखाली मोटर धरणारा पाळणा आणि एक लांब स्क्रू. प्लेटमधल्या छोट्या भोकात वरून हँडल घालून फिरवलं की मोटर वर येते, उलट फिरवलं की खाली जाते. वाकायचं नाही, तोलायचं नाही.

“एका हाताचं काम आहे,” काका म्हणाले.

सुमनकाकी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी कधी विकायचं बोलते याची वाट बघत. मी म्हटलं, “काकी, मला एक आठवडा द्या.” त्यांनी तोंड फिरवलं आणि आत येऊन सरसाची भांडी आदळायला लागल्या.

त्या आठवड्यात मी लिफ्टबद्दल जे सापडेल ते वाचलं आणि तीन-चार नमुन्यांचे फोटो घेऊन दुकानात गेले. मला एक फार आवडला होता. त्याला लांब दांडा होता, एका झटक्यात मोटर वर. काकांनी तो पहिल्यांदा बाद केला. “झटक्यात वर आणायची तर दुसऱ्या हातानं धरायला लागणार. हा दोन हातवाल्यांचा आहे.” दुसऱ्यात पाळणा दोन दांड्यांवर साखळीनं चढत होता. “साखळी ताणते. ताणली की एक बाजू खाली. नको.” तिसऱ्याचं कुलूप टेबलाखाली होतं, तो तर विचारातच घेतला नाही. त्यांची परीक्षा एकच होती: हँडल सोडून मी चहा प्यायला गेलो, तर परत येईपर्यंत पातं आहे तिथे राहील का? शेवटी मधोमध एकच जाड स्क्रू असलेली, वरूनच आवळता येणारी लिफ्ट त्यांना पटली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते विचारलं. “काका, पातं बदलायचं झालं तर?”

ते थबकले. पातं बदलायला दोन पाने लागतात. एकानं दांडा अडवायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. दोन हात.

मग काका म्हणाले, “मोटर पूर्ण वर आली तर नट टेबलाच्या वर येतो ना? मग प्लेटवर एक बोल्ट उभा करतो. पहिला पाना त्या बोल्टाला टेकू दे. तो हलणार नाही. दुसरा माझ्या हातात.” आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “हे मला सुचलं नसतं, मॅडम. तुम्ही विचारलंत म्हणून.” ते कुणाचंही श्रेय स्वतःकडे ठेवत नसत. मला दहावीच्या निकालाला झाला नसेल एवढा आनंद झाला.

मग मीही माझ्या अटी घातल्या. मशीनचा स्विच पायाशी हवा, पाय उचलला की बंद. पट्टी दाबून धरायला लाकडी दाबपट्ट्या हव्यात, दाबायला हात वापरायचा नाही. उजवा हातही पात्यापासून वीतभर लांब. शेवटचा भाग ढकलायला मागून दुसरी पट्टी लावायची. आणि डावा हात टेबलावर येणारच नाही.

“तो येतो,” काका खाली बघत म्हणाले. “माझ्या नकळत येतो. चाळीस वर्षांची सवय आहे त्याला.”

मी तेही कागदावर लिहून घेतलं आणि निघाले.

दोन दिवसांनी सुमनकाकी रुग्णालयात आल्या. पिशवीतून त्यांनी काकांचा खाकी एप्रन काढला. त्याच्या डाव्या बाजूला जाड कापडाचा एक खोल खिसा शिवला होता, मनगटाच्या वरपर्यंत हात आत जाईल एवढा, वर बटणाची पट्टी. “आधी हात ह्यात, मग मशीन चालू,” त्या म्हणाल्या. “बटण मी लावणार. मी बटण लावल्याशिवाय पाय स्विचवर ठेवायचा नाही, असं सांगितलंय.” थोडं थांबून म्हणाल्या, “घरी बसले तर ते लवकर जातील, मॅडम. मला दिसतंय ना.” माझ्या प्रशिक्षणात कुणी मला असा खिसा शिकवला नव्हता.

लिफ्ट आली ती परदेशी मोटरांसाठी बनवलेली. काकांची मोटर तिच्या पाळण्यात सैल पडत होती. काकांनी व्हर्नियर कॅलिपर एका हातात धरून, जबडा अंगठ्यानं सरकवत, तीन ठिकाणी माप घेतलं आणि आम्ही भायखळ्याला मुस्तफाभाईंच्या धातू कातायच्या लेथवर गेलो. दोघांची तीस वर्षांची ओळख. मुस्तफाभाईंनी काकांच्या लोंबत्या हाताकडे एकदाच बघितलं आणि त्याविषयी एक शब्द काढला नाही.

“ॲल्युमिनियमची बुश पाहिजे. एका बाजूनं चिरलेली, आवळली की मोटरला चिकटेल अशी,” काका म्हणाले.

“हो जाएगा. परसों ले जाओ.”

“हवा नाही राहायला पाहिजे, जरासुद्धा फट नको.”

“अनंत, तीस साल में कभी हवा छोडी मैंने?”

“एकदा.”

मुस्तफाभाई हसले. “वो बिजली गयी थी.” दोन दिवसांनी ती कड्यासारखी बुश मिळाली. मोटर तिच्यात अशी बसली की काकांनी कानाजवळ धरून हलवून बघितली, आणि समाधानानं मान डोलावली.

आता टेबलात प्लेटच्या मापाचं तोंड कापायचं राहिलं. आणि इथे सगळं अडलं. ती चौकट कापायची तर टेबलाखालचा राउटर काढून, हातात धरून, वरून, कापावी लागते. त्यासाठी दोन्ही हातांचा जोर हवा. काका म्हणाले, ओळखीचा सुतार बोलावतो. सुतार दोनदा येतो म्हणाला, आला नाही. तिसऱ्या दिवशी सुमनकाकींनी पदर खोचला.

“मी धरते. तुम्ही सांगा.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. छत्तीस वर्षं सुमनकाकी त्या दुकानात होत्या. सरस लावायच्या, काच पुसायच्या, पॉलिश मारायच्या, खिळे ठोकायच्या. मशीनला त्यांनी कधी हात लावला नव्हता, कारण काकांनी लावू दिला नव्हता. “तुला नको ते,” एवढंच कारण.

“जड आहे,” काका म्हणाले.

“घागरी उचलल्यात मी तिसऱ्या माळ्यापर्यंत.”

त्या दुपारी मी तिथे होते. काकांनी टेबलावर चार सरळ पट्ट्या शिकंज्यांनी आवळून घेतल्या. राउटरला त्यांच्या आतून फिरायचं होतं. कोपरे प्लेटच्या कोपऱ्यांइतकेच गोल. काकांनी उजव्या हातानं हवेत दिशा दाखवली. “असं, घड्याळाच्या काट्यासारखं. पट्टीला टेकून राहायचं. एका वेळी थोडंच खोल. आवाज जड झाला तर थांब, त्याला श्वास घेऊ दे.”

मशीन सुरू झालं तेव्हा काकींचे खांदे कानांपर्यंत आले. पहिला फेरा भीतीत गेला. दुसऱ्या फेऱ्यात खांदे उतरले. चौथ्या फेऱ्याला काका बोलायचे थांबले होते, नुसते काकींच्या हातांकडे बघत होते. तुकडा खाली पडला, काकींनी मशीन बंद केलं, आणि तोंडावरचा भुसा पुसत म्हणाल्या, “एवढंच होतं?”

काकांनी खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं. एका कोपऱ्यापाशी थांबले. “इथे जरा जास्त गेलंय.”

“माहीत आहे मला,” काकी म्हणाल्या. “हात दुखला तिथे.”

“भरून घेऊ,” काका म्हणाले. मग आणखी एकदा कडेवरून बोट फिरवून, आपल्याशीच बोलल्यासारखे, “छत्तीस वर्षं हिला मी खिळे ठोकायला ठेवलं.”

प्लेट बसवायला त्यांनी पुढचा सगळा दिवस घेतला. खालून लावलेल्या ठोकळ्यांवर टेकलेले कोपऱ्यांतले स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ती टेबलाच्या पातळीत आणायची. पोलादी पट्टी आडवी ठेवून तिच्याखालून कागदाची चिंधी ओढायची. अडकली तर प्लेट वर आहे, सहज निघाली तर खाली. सरकती पट्टी कडेला अडकून उसळली तर काय होतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून घाई नव्हती. वजनानं प्लाय खचू नये म्हणून खाली सागाचा आडवा दांडा लावला. मग त्यांनी हँडल घातलं. एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. पातं हळूहळू टेबलाच्या वर आलं.

“खाली आणायचं असेल तर हव्या त्याहून जास्त खाली न्यायचं, मग वर चढवायचं,” ते मला म्हणाले. “प्रत्येक स्क्रूत ढिलाई असते. ती आधी खाऊन टाकायची, मग माप खरं.” हे मी नंतर किती पेशंटना वेगळ्या शब्दांत सांगितलं, त्याची गणती नाही. आज हात कालच्यापेक्षा मागे गेलाय असं कुणी रडकुंडीला येऊन सांगितलं, की मला काकांचा स्क्रू आठवतो.

काकींनी बटण लावलं. काकांनी स्विचवर पाय ठेवला. पहिली पट्टी दाबपट्ट्यांखालून सरळ निघाली, तिला मागून दुसरीनं ढकललं, दुसरीला तिसरीनं. तीन पट्ट्या झाल्यावर त्यांनी पाय उचलला, पट्टीची गोलाई अंगठ्यानं चाचपली आणि स्टुलावर बसून घेतलं. चेहरा भिंतीकडे होता. आम्ही दोघी बाहेर जाऊन उभ्या राहिलो.

त्यानंतर अडीच वर्षं काकांनी काम केलं. फाइलमधलं ते वाक्य मी खोडलं आणि विभागात एक नवा नियम आणला: पेशंटला काम सोडायला सांगण्याआधी त्याची कामाची जागा बघून यायची. कधी शिवडीच्या गोदामात, कधी कुणाच्या वडापावच्या गाडीवर, आता आम्ही जातो.

आमच्या गिरगावच्या घरात पणजोबांचा एक मोठा फोटो होता, कोरीवकामाच्या जड चौकटीत, वाळवीनं पोखरलेल्या. मी तो काकांकडे नेला. त्यांनी बराच वेळ पणजोबांकडे बघितलं.

“साहेब होते का कुठे?”

“हेडक्लार्क.”

“वाटत नाही. फ्रेमनं धाकात ठेवलंय त्यांना. जरा मोकळं करू.”

त्यांनी अरुंद, साधी, आतून किंचित उतरती पट्टी काढली. फोटो पुन्हा भिंतीवर लागला तेव्हा आई म्हणाली, “आजेसासरे पहिल्यांदाच घरातले वाटतायत.” मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, “घरातलेच होते. तुम्ही लांब बसवलं होतं.”

अर्धांगवायूचा दुसरा झटका सकाळी आला, चहा पिताना. रुग्णालयात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी खाली गेले तेव्हा काकी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. प्रज्ञा येईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

पुण्यानुमोदनाच्या विधीला गर्दी होती, बोलणं झालं नाही. महिनाभरानं मी लालबागला गेले. दुकान बंद असेल असं धरून चालले होते; काकींची वर जाऊन चौकशी करायची, एवढंच मनात. गल्लीच्या तोंडाशीच मशीनचा आवाज आला.

काकी टेबलाशी उभ्या होत्या. खाकी एप्रन त्यांना पायघोळ होत होता. पट्टी काढून झाली, पाय उचलला, माप घेतलं, ‘नाही’ अशी मान हलवली, हँडलचा अर्धा फेरा दिला आणि एक फालतू तुकडा चालवून पुन्हा माप घेतलं. मला बघून म्हणाल्या, “बसा मॅडम, दोनच राहिल्यात.”

मी स्टुलावर बसले. दोन पट्ट्या झाल्या. तेवढ्यात दारात एक तरुण बाई आली, हातात पुठ्ठ्यात गुंडाळलेला फोटो. दुकानभर नजर फिरवून तिनं विचारलं, “तांबे आहेत का?”

काकींनी एप्रनला हात पुसले आणि फोटो घ्यायला पुढे केले.

“मीच तांबे,” त्या म्हणाल्या. “दाखवा.”